केशरंजन आणि लोहपात्र : वनस्पतिज केशरंगांच्या भारतीय परंपरेविषयी

मराठीत केस पांढरे होतात असे म्हणण्यापेक्षा ते 'पिकतात' असे म्हणण्याची रीत अधिक रूढ आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पलिताची, म्हणजे केस पांढरे होण्याची, संप्राप्ती सांगताना 'पच्' हाच धातू योजलेला आहे. क्रोध, शोक व श्रम यांतून उत्पन्न झालेली शरीराची उष्णता आणि पित्त मस्तकात जाऊन केसांना पक्व करतात, असे तेथील विवेचन आहे. ग्रंथातील सिद्धांत आणि बोलीतील क्रियापद यांच्या मुळाशी असलेली कल्पना एकच आहे : पांढरा केस हा रंग गमावलेला केस नसून उष्णतेने वेळेपूर्वी किंवा वेळेवर पिकलेला केस होय. पलिताचा विचार वैद्यकाच्या कक्षेत का आला, याचे उत्तर या कल्पनेत सापडते. जे पित्ताने होते त्यावर उपाय संभवतो. आणि उपाय संभवतो म्हटल्यावर औषधिद्रव्यांच्या याद्या ओघानेच येतात.

या याद्यांकडे आज ज्या दृष्टीने पाहिले जाते ती मात्र तपासून घेण्यासारखी आहे. मेंदी, नीळ, माका, आवळा ही नावे घेऊन प्राचीन भारतात केस केवळ वनस्पतींनी रंगवले जात असत, असे सर्रास सांगितले जाते. मूळ ग्रंथ वाचले असता निराळे चित्र दिसते. केस काळे करण्याच्या महत्त्वाच्या पाठांत वनस्पतींच्या बरोबरीने लोखंड येते. कधी ते पात्राच्या रूपाने, कधी चूर्णाच्या, कधी कासिसाच्या, तर कधी कमळाच्या तळ्यातील काळ्या चिखलाच्या रूपाने येते. हे लोखंड वगळले तर या पाठांतील काळेपणाचा बराचसा भाग उरतच नाही.

प्रथम पांढऱ्या केसाविषयीची सामाजिक दृष्टी थोडक्यात पाहिली पाहिजे, कारण ती एकसंध नव्हती. बौद्ध जातककथांतील मखादेव राजा न्हाव्याने दाखवलेला पहिला पांढरा केस पाहताच राज्यत्याग करतो. रघुवंशाच्या बाराव्या सर्गाच्या आरंभी कालिदासाने पिकलेल्या केसांच्या मिषाने वार्धक्यच दशरथाच्या कानाशी येऊन रामाला राज्य देण्याविषयी सांगते, अशी कल्पना केली आहे. मनुस्मृतीत गृहस्थाने वानप्रस्थाश्रमाकडे वळण्याची वेळ ओळखण्याच्या खुणांत सुरकुत्या व पलित यांचा समावेश आहे. विनयपिटकात तर भिक्षूंनी पिकलेले केस काढवून घेऊ नयेत असा स्पष्ट निर्बंध आहे. आणि निर्बंध घालावा लागला याचाच अर्थ तशी प्रवृत्ती होती. धर्मग्रंथ आणि काव्य यांच्या लेखी पांढरा केस हा दूत आहे. वैद्य आणि गंधशास्त्री यांच्या लेखी तो दोष आहे. हे दोन्ही विचार एकाच समाजात, बहुधा एकाच राजवाड्यात, शेजारीशेजारी नांदत होते.

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील तेविसाव्या सूक्तात रात्री उगवलेल्या, काळ्या वर्णाच्या एका वनस्पतीला उद्देशून किलास व पलित रंगवण्याची प्रार्थना आहे. तेथील 'पलित' म्हणजे त्वचेवरील पांढुरके डाग की पांढरे केस, याविषयी मतभेद संभवतो. सूक्ताचा एकंदर रोख त्वचारोगाकडे आहे. मात्र रंगवणे या क्रियेचा वनस्पतीशी जोडलेला हा फार जुना उल्लेख आहे, एवढे नक्की. त्यानंतरचा लक्षणीय पुरावा परकीयांचा आहे. अलेक्झांडरच्या स्वारीत आलेल्या निआर्कसच्या आधारे एरियनने नोंदवले आहे की, भारतीय लोक दाढ्या रंगवतात. कोणी अगदी शुभ्र, कोणी गडद निळ्या, कोणी तांबड्या, जांभळ्या किंवा हिरव्याही. स्ट्रॅबोने पंजाबातील कथई लोकांविषयी सांगताना असे म्हटले आहे की, केसांसाठी आणि वस्त्रांसाठी या देशात विलक्षण रंग उत्पन्न होतात. केस आणि वस्त्र यांचा हा एकत्र उल्लेख सहज म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल. जाता जाता हेही नोंदवावे की, कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात नेमके उलट, म्हणजे केस पांढरे करण्याचे योग आले आहेत. हे अधिकरण शत्रूला फसवण्याच्या गुप्त उपायांचे आहे.

केशरंजनाच्या कृतीचे सर्वांत नेटके वर्णन वैद्यकाच्या ग्रंथात नसून ज्योतिषाच्या ग्रंथात आहे. सहाव्या शतकातील अवंतीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला आहे आणि त्याची सुरुवातच पांढऱ्या केसांपासून केली आहे. ज्याचे केस पांढरे आहेत त्याला फुलांच्या माळा, सुगंध, वस्त्रे, अलंकार यांपैकी काहीच शोभत नाही. म्हणून अंजन आणि भूषणे यांप्रमाणेच केसांच्या रंगाविषयीही यत्न करावा, अशी त्याची भूमिका आहे. त्यानंतर तो कृती सांगतो. कोद्रवाचे, म्हणजे कोकणात ज्याला हरीक म्हणतात त्या धान्याचे, तांदूळ लोखंडी पात्रात आंबवणीत, म्हणजे शिरक्यासारख्या आंबट द्रवात, शिजवावेत. ते लोहचूर्णाबरोबर बारीक वाटावेत. आंबट द्रवाने ओलावलेल्या केसांवर हा लेप द्यावा आणि डोके ओल्या पानांनी गुंडाळून बसावे. दोन प्रहर झाल्यावर तो काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा पाने बांधावीत आणि आणखी दोन प्रहरांनी धुवावे. केस काळे होतात. शेवटी लोखंडाचा व आंबटाचा वास जाण्यासाठी सुगंधी तेले लावून डोक्यावरून स्नान करावे आणि मग राजाने अंतःपुरातील सुखाचा उपभोग घ्यावा.

चार प्रहर म्हणजे बारा तास. या कृतीला एक दिवस लागतो आणि तो दिवस आंबूस वासात घालवावा लागतो. वराहमिहिराने हे लपवलेले नाही. वासाचा उल्लेख आणि त्यावरचा उपाय यांमुळे हा पाठ ऐकीव नसून वापरातील असावा असे वाटते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही कृती फार विचारपूर्वक रचलेली आहे. आंबवणीतील ॲसेटिक आम्ल लोखंडाशी संयोग पावून लोहाचे विद्राव्य लवण तयार करते. हे लवण ओल्या केसात शिरते. शिजवलेल्या हरिकाच्या पिठाने लेप घट्ट राहतो आणि पानांच्या वेष्टनाने तो सुकत नाही. दुसऱ्या टप्प्यात आवळ्यातील टॅनिन या लोहाशी संयोग पावते आणि हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने काळा, पाण्यात न विरघळणारा संयुग केसावर व केसात तयार होतो. आवळा स्वतः काळा नाही आणि त्याने केस काळे होत नाहीत. काळेपणा लोखंड व आवळा यांच्या भेटीतून जन्माला येतो.

आयुर्वेदाच्या संहितांत हीच गोष्ट अधिक गुंतागुंतीच्या रूपात आढळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सव्विसाव्या अध्यायात, बहुतेक अभ्यासकांच्या मते दृढबलाने पूर्ण केलेल्या भागात, 'महानील' नावाचे तैल सांगितले आहे. त्याच्या घटकांत नीळ, माका, त्रिफळा, आंब्याची कोय, मंजिष्ठा, मदयंतिका अशा वनस्पती आहेत, तसेच कासीस आणि काळा चिखलही आहे. बेहड्याच्या तेलात आवळ्याचा रस घालून ते उन्हात आटवावे आणि लोखंडी पात्रात ठेवावे असे विधान आहे. या तैलाचा उपयोग मस्तकाला लावण्यासाठी, नस्यासाठी आणि पिण्यासाठीही सांगितला आहे. येथे वैद्याचा उद्देश केवळ रंग चढवण्याचा नाही. पित्ताचे शमन आणि केसाचे रंजन यांत त्याने भेद केलेला नाही, आणि त्या भेदाची त्याला गरजही वाटलेली नसावी.

सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील पंचविसाव्या अध्यायातील एक पाठ यापेक्षाही बोलका आहे. निळीची पाने, माका, अर्जुनाची साल, लोहचूर्ण, हिरडा, बेहडा, आवळा यांसारखी द्रव्ये कमळाच्या तळ्यातील तितक्याच चिखलात मिसळून लोखंडी घड्यात झाकून पंधरा दिवस ठेवावीत, असे त्यात सांगितले आहे. नंतर माका व त्रिफळा यांच्या रसासह या मिश्रणाने तेल सिद्ध करावे. तेल होत आल्यावर परीक्षेसाठी त्यात बलाकेचे, म्हणजे बगळ्याचे, पीस टाकावे. ते भुंग्याच्या अंगासारखे काळे झाले की तेल पक्व झाले असे समजावे. त्यानंतरही ते महिनाभर काळ्या लोखंडाच्या पात्रात राहू द्यावे. साचलेल्या तळ्याच्या तळाशी, हवा न पोचणाऱ्या चिखलात, लोह विद्राव्य रूपात राहते. तेव्हा चिखलाची ही योजना अंधश्रद्धेची नाही. पिसाची योजना तर आश्चर्यकारक आहे. पक्ष्याचे पीस आणि मनुष्याचा केस ही दोन्ही केराटिन या प्रथिनवर्गाची बनलेली असतात, हे आधुनिक विज्ञानाने सांगितले. कापसाचा धागा किंवा पांढरे कापड परीक्षेसाठी सहज मिळण्यासारखे असताना पाठकर्त्याने पीसच निवडले. ज्यावर रंग चढायचा त्याच जातीच्या द्रव्यावर परीक्षा घ्यावी, ही प्रयोगशाळेतील शिस्त येथे आहे.

या ज्ञानाचा प्रसारही दूरवर झाला होता. १८९० मध्ये पूर्व तुर्कस्तानातील कुचाजवळ सापडलेली आणि बॉवर हस्तलिखित म्हणून ओळखली जाणारी भूर्जपत्रे साधारणतः चौथ्या ते सहाव्या शतकांच्या दरम्यानची मानली जातात. त्यांतील 'नावनीतक' या वैद्यकीय संग्रहात केसांना लावायच्या योगांसाठी स्वतंत्र प्रकरण राखलेले आहे. वाळवंटातील व्यापारी मार्गावरील विहारात वैद्यकाबरोबर केशरंजनाची ही विद्याही जाऊन पोचली होती, असे यावरून दिसते.

आता स्ट्रॅबोच्या उल्लेखाकडे परत वळता येईल. केसांचे रंग आणि वस्त्रांचे रंग यांची त्याने घातलेली सांगड भारतीय कारागिरीच्या प्रत्यक्ष व्यवहाराने खरी ठरते. राजस्थानातील बगरू येथे छिपे लोक घोड्याचे जुने नाल आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवून काळा रंग करतात. त्याला ते 'स्याही' म्हणतात. ज्या कापडावर ती छापायची ते आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवलेले असते. आंध्र प्रदेशातील श्रीकाळहस्ती येथील कलमकारीतही लोखंडाचे तुकडे व गूळ आंबवून केलेल्या द्रवाने हिरडा व दूध यांत भिजवलेल्या कापडावर रेषा काढतात. कलम टेकताच ती रेषा काळी पडू लागते. गुळाच्या किण्वनातून आम्ल निर्माण होते आणि ते लोखंड विरघळवते. वराहमिहिराच्या आंबवणीचे काम येथे गुळाने होते एवढाच फरक. आणखी एक फरक क्रमाचा आहे : कापडाला आधी हिरडा व मग लोह, तर केसाला आधी लोह व मग आवळा. परिणाम एकच. रंगाच्या द्रवाला 'स्याही', म्हणजे शाई, म्हणण्यात लेखनाशी असलेले तिसरे नातेही सूचित होते. लोह आणि तुरट द्रव्य यांपासून काळी शाई करण्याची रीत प्रसिद्धच आहे. रंगारी, लेखक आणि केशरंजक हे तिघे एकाच रसायनाचे वापरकर्ते होते. ग्रंथकारांनी त्यांना निरनिराळ्या शास्त्रांत विभागले, हा भाग वेगळा.

लोखंडाशिवाय काळेपणा आणणारा एक मार्ग मात्र होता आणि तो निळीचा होय. निळीच्या पानांत इंडिकन नावाचे रंगहीन द्रव्य असते. पाने वाटून भिजवली की त्याचे विघटन होते आणि हवेच्या संपर्काने निळा रंग उत्पन्न होतो. ही क्रिया केसावरच घडावी लागते. यामुळे तयार निळीच्या वड्या, ज्यांच्यासाठी बंगाल आणि बिहारमधील शेतकऱ्यांनी एवढा छळ सोसला, त्या केस रंगवण्यास निरुपयोगी होत्या. त्या पाण्यात विरघळत नाहीत. केशरंजनाला पानांची भुकटीच हवी. केरळात 'नीलयमरी' आणि तमिळनाडूत 'अवुरी' या नावांनी ही वनस्पती ओळखली जाते, आणि तिच्या पानांपासून सिद्ध केलेले नीलिभृंगादी तैल केरळीय वैद्यकात आजही प्रतिष्ठित आहे.

पांढऱ्या केसावर नुसती नीळ निळसर झाक देते, नुसती मेंदी नारिंगी-तांबडी. आधी मेंदी लावून धुवावी व नंतर निळीच्या पानांचा लेप द्यावा, म्हणजे तांबड्यावर निळा चढून केस काळे दिसतात. फारसी-अरबी परंपरेत या दोन द्रव्यांची जोडी 'हिना' व 'वस्मा' या नावांनी प्रसिद्ध आहे. इब्न सिनाच्या 'कानून' या ग्रंथाच्या चौथ्या भागात शरीरप्रसाधनाच्या विवेचनात केशरंग आले आहेत, आणि युनानी हकिमांबरोबर हे पाठ उत्तर भारतात व दख्खनमध्ये आले. हिंदी-उर्दूतील 'खिजाब' हा शब्द याच मार्गाने आलेला आहे. मराठीने मात्र 'कलप' हा शब्द जवळ केला. इस्लामी परंपरेत रंगाच्या निवडीला धार्मिक बाजूही होती. हदीसमध्ये अबू बक्र यांच्या वृद्ध पित्याचे पांढरे केस पाहून प्रेषित मुहंमदांनी ते बदलावेत पण काळा रंग टाळावा असे सांगितल्याचा वृत्तांत आहे. मेंदीची प्रशंसा अन्य वृत्तांतांतून येते. काळ्या रंगाविषयी धर्मशास्त्रज्ञांत मतभेद झाले. युद्धावर जाणाऱ्याला शत्रूवर वचक बसावा म्हणून अनेकांनी तो क्षम्य मानला. दख्खनच्या शहरांत मेंदीने तांबूस केलेल्या दाढ्या आजही दिसतात, त्यामागे ही भूमिका आहे. वराहमिहिराच्या राजाला आपले वय लपवायचे होते. मेंदीची दाढी वय लपवत नाही, ते शोभिवंत करते. दोन परंपरांतील हा फरक तंत्राचा नसून हेतूचा आहे.

मेंदीच्या भारतातील इतिहासाचा मूलगामी विचार पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी केला. इ. स. पूर्व २००० ते इ. स. १८५० अशा दीर्घ कालखंडातील उल्लेख त्यांनी एकत्र मांडले. संहितांतील 'मदयंतिका' म्हणजे मेंदीच की मोगऱ्याच्या जातीची एखादी वेल, हा प्रश्न अजून वादाचा आहे, आणि महानील तैलातील मदयंतिकेचा अर्थ लावताना तो आडवा येतोच. गोडे यांनीच गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञातकर्तृक 'गंधवाद' हे ग्रंथ हस्तलिखितातून प्रकाशात आणले. यांपैकी 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. प्रसाधनशास्त्र केवळ संस्कृतात बंदिस्त नव्हते, ते मराठीतून समजावून सांगण्याची गरज कोणाला तरी भासली होती, याचा हा मोलाचा पुरावा आहे.

या सर्व परंपरेला खरा धक्का युरोपातील प्रयोगशाळांतून बसला. १८६३ मध्ये हॉफमन याने पॅरा-फेनिलिनडायामीन या द्रव्याची नोंद केली. १८८३ मध्ये फ्रान्समध्ये ते केशरंग म्हणून वापरण्याचे एकस्व घेतले गेले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यावर आधारलेला मोठा उद्योग उभा राहिला. १८९७ मध्ये कृत्रिम निळीचे व्यापारी उत्पादन सुरू होऊन भारतीय निळीची लागवड ओसरू लागली होतीच. बारा तासांचे काम अर्ध्या तासात होऊ लागल्यावर जुन्या पाठांचा टिकाव लागणे कठीण होते.

तथापि नवा रंग भारतीय बाजारात आपले खरे नाव घेऊन फारसा आला नाही. तो 'काळी मेंदी' म्हणून आला. मेंदीतील रंजकद्रव्य लॉसोन हे तांबडे-नारिंगी असते. ते काळे होत नाही. काळ्या मेंदीच्या पुड्यांत अल्पशा मेंदीबरोबर पॅरा-फेनिलिनडायामीन आणि पुष्कळदा बेरियम पेरॉक्साइड हे ऑक्सिडीकारक असते. या द्रव्याने काहींना त्वचेची तीव्र अधिहर्षता होते. पोटात गेल्यास चेहरा व मान सुजून श्वास अडतो आणि स्नायू व मूत्रपिंडे निकामी होतात. दक्षिण भारतातील रुग्णालयांतून अशा विषबाधेची अनेक प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. युरोपीय संघात केशरंगात ते मर्यादित प्रमाणात वापरण्यास परवानगी आहे, पण त्वचेवर नक्षी काढण्याच्या रंगात नाही. भारतातील सौंदर्यप्रसाधनविषयक नियमांनीही अशा केशरंगांच्या वेष्टनावर आधी त्वचेवर चाचणी घेण्याची आणि भुवया व पापण्यांना तो न लावण्याची सूचना आवश्यक केली आहे. ही सूचना बारीक अक्षरांत असते. हिरव्या पानाचे चित्र मोठे असते.

या फसव्या नावाला जागा मिळाली ती जुन्या तंत्राच्या एका विस्मृतीमुळे, असे म्हणण्यास आधार आहे. केस काळे करण्याची भारतीय पद्धत 'वनस्पतिज' आहे एवढेच स्मरणात राहिले. लोखंड व आंबट द्रव विसरले गेले. मग एखाद्या वनस्पतीने एकटीनेच केस काळेभोर केले तर त्यात नवल वाटेनासे झाले. विस्मृती पूर्ण नाही, हेही खरे. महाराष्ट्रातील घराघरांत मेंदी लोखंडी कढईत, आवळकाठी, कात आणि चहाचे उकळलेले पाणी घालून रात्रभर भिजवण्याचा प्रघात आहे. आवळा, कात आणि चहा ही तिन्ही टॅनिनयुक्त द्रव्ये आहेत, आणि आंबट मिश्रण कढईतील लोह ओढून घेते. सकाळी मिश्रण काळपट झालेले असते, आणि केसांवर नारिंगीऐवजी गडद तपकिरी छटा येते. ही कृती करणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींनी बृहत्संहितेचे नावही ऐकलेले नसेल. पण वराहमिहिराच्या दोन्ही टप्प्यांतील सामग्री त्यांच्या एकाच कढईत उतरलेली असते. जेथे स्वयंपाकघरातून लोखंडी कढई जाऊन स्टीलची भांडी आली तेथे तीच मेंदी, तोच कात घेऊनही केस नारिंगी होतात, आणि पुढच्या खेपेला काळ्या मेंदीची पुडी घरात येते.